मराठवाड्यातील सार्वजनिक वाचनालय आणि साक्षरतेचा बदलता अर्थ : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात ग्रंथकर्ता, ग्रंथ आणि नियतकालिक यांना जेवढी जागा मिळाली, तेवढी वाचनालयाला मिळालेली नाही. वाचनालय हा ग्रंथपालनशास्त्राचा विषय आहे, वाङ्मयाभ्यासाचा नव्हे, अशी एक समजूत विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. पुणे-मुंबईच्या वाङ्मयीन संस्कृतीचा विचार करताना ही समजूत कदाचित चालून जाईल. कारण तिथे शाळा, छापखाना, नियतकालिक आणि वाचनालय ही चारही अंगे थोड्याफार अंतराने एकाच वेळी वाढली. मराठवाड्याच्या बाबतीत मात्र ती चालत नाही. येथे मराठीचा वाचक शाळेने घडवला त्याहून अधिक वाचनालयाने घडवला. आज 'डिजिटल साक्षरता' या नावाने जी नवी अपेक्षा समाजासमोर आली आहे, तिचा नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात विचार करताना या जुन्या इतिहासाकडे म्हणूनच वळावे लागते.

हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा प्रयोग भारतात अपूर्व होता, हे मान्य केले पाहिजे; परंतु मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला तो परक्या भाषेतलाच होता. प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेलेला मराठवाड्यातील विद्यार्थी गणित, इतिहास, विज्ञान उर्दूतून शिकत असे. मराठी त्याच्या घरात होती, कीर्तनात होती, पोथीत होती, ज्ञानव्यवहारात नव्हती. ती जिथे ज्ञानव्यवहाराची भाषा म्हणून भेटत असे अशी जागा म्हणजे गावातले वाचनालय. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे, हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चे. त्याच हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ साली तेलुगू भाषकांनी उभे केले होते. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषिक समाजांना एकाच सुमारास एकाच प्रकारची संस्था काढावीशी वाटली, ही गोष्ट योगायोगाची नाही.

सार्वजनिक सभांवर निर्बंध घालणारी 'गश्ती निशाण त्रेपन्न' प्रसिद्ध आहे. सभेला परवानगी, खाजगी शाळेला परवानगी, आखाड्याला परवानगी, अशा वातावरणात चार माणसांनी एका खोलीत बसून पुण्या-मुंबईहून टपालाने आलेले वर्तमानपत्र वाचणे हीदेखील सार्वजनिक कृती ठरत होती. वर्तमानपत्र एक, वाचणारा एक आणि ऐकणारे दहा, असे त्या वाचनाचे रूप होते. अनंत भालेराव यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या ग्रंथात संस्थानातील या सांस्कृतिक जागृतीची पार्श्वभूमी विस्ताराने आली आहे. येथे लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की, ज्याला अक्षर येत नव्हते तोही त्या वाचनालयाचा लाभार्थी होता. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्याचे साक्षरतेचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते. अशा समाजात वाचनालय केवळ साक्षरांपुरते राहिले असते तर ते नगण्यच ठरले असते. वाचून दाखवणारा माणूस हा त्या संस्थेचा गाभा होता, आणि ग्रंथांची कपाटे नंतर आली. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा उपयोगी पडणार आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९५५ साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या राज्याचेच त्रिभाजन झाले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. या अधिनियमाचे वैशिष्ट्य असे की, गावोगावची वाचनालये शासनाने स्वतः चालवावीत अशी त्यात अपेक्षा नाही. नोंदणीकृत संस्थांनी ती चालवावीत आणि शासनाने त्यांना मान्यता व अनुदान द्यावे, असा त्याचा ढाचा आहे. दक्षिणेकडील राज्यांनी स्थानिक करावर ग्रंथालय उपकर बसवून हक्काचे उत्पन्न निर्माण केले. महाराष्ट्राने तसे केले नाही. लोकांनी उभारलेल्या संस्थांची स्वायत्तता जपणे हा त्यामागील हेतू चांगलाच होता. ज्या प्रदेशात शंभर-सव्वाशे वर्षांच्या, स्वतःची इमारत आणि ठेवी असलेल्या संस्था होत्या, तिथे तो फळालाही आला. मराठवाड्याच्या खेड्यात मात्र संस्था म्हणजे प्रायः सात-अकरा माणसांचे मंडळ, भाड्याची खोली आणि अनुदानाचा हप्ता एवढेच उरले.

राज्यात आज अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या सुमारे बारा हजार आहे आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये शासनाने परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढ केली. तेव्हा 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपयांवर गेले. म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. सेवकाचे मानधन, ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रे, वीज, भाडे हे सगळे त्यातच. या आकड्याकडे पाहिल्यावर खेड्यातील ग्रंथालयाने संगणक, आंतरजालाची जोडणी आणि ती शिकवणारा माणूस ठेवावा अशी अपेक्षा करणाऱ्यांनी आधी थोडा हिशेब मांडावा असे वाटते. काही ठिकाणी ग्रंथालय कागदावरच असते, ही टीका खोटी नाही. परंतु कागदावरचे ग्रंथालय निर्माण होण्यास ४,००० रुपयांत चालणारे ग्रंथालय ही कल्पनाही कारणीभूत आहे.

सीमेपलीकडे पाहिले तर वेगळा प्रयोग दिसतो. उदगीर, देवणी आणि देगलूर या तालुक्यांना लागून कर्नाटकाचा बिदर जिल्हा आहे. कर्नाटकाने २०१९ मध्ये ग्रामपंचायत स्तरावरील ग्रंथालये ग्रामविकास व पंचायतराज विभागाकडे सोपवली. पाच हजारांहून अधिक ग्रंथालयांची ही व्यवस्था पुढे 'अरिवु केंद्र' या नावाने ओळखली जाऊ लागली. अनेक केंद्रांत संगणक आले आणि मुलांना विनामूल्य सभासदत्व देण्याची मोहीम निघाली. तिथे सर्व आलबेल आहे असे नव्हे. पण ग्रंथालय हे ग्रामपंचायतीचे अंग आहे, पाण्याच्या टाकीसारखे आणि दिवाबत्तीसारखे, ही भूमिका तिथे कागदावर तरी स्वीकारली गेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी भाषक राज्यकर्त्याने हीच भूमिका घेतली होती, याची येथे आठवण होते. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० पासून बडोदे संस्थानात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये यांची साखळी उभारली. ती परंपरा महाराष्ट्राच्या अधिनियमात उतरली नाही.

अभ्यासिका : वाचकाविना वाचनालय?

नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे आज विद्यार्थ्यांची शहरे आहेत. 'लातूर पॅटर्न' या नावाने ओळखल्या गेलेल्या परीक्षाकेंद्री अध्यापनाने लातूरला राज्यभर नाव मिळवून दिले. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांमुळे नांदेडही त्याच वाटेने गेले. त्यात स्पर्धा परीक्षांची भर पडली. अहमदपूर, चाकूर, मुखेड, कंधार, किनवट येथून आलेला विद्यार्थी दहा बाय दहाच्या खोलीत तिघांबरोबर राहतो. त्याला बसून वाचायला जागा हवी असते. ही गरज खरी आहे आणि ती भागवण्यासाठी शहरांत खाजगी अभ्यासिका निघाल्या. सार्वजनिक ग्रंथालयांनीही आपल्या वाचनकक्षाची अभ्यासिका केली. परिणाम असा की, ग्रंथालय सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेले असते आणि देवघेव विभागात शुकशुकाट असतो. विद्यार्थी स्वतःची पुस्तके घेऊन येतो, स्वतःच्या भ्रमणध्वनीवर शिकवणीची चित्रफीत पाहतो आणि स्वतःची पुस्तके घेऊन जातो. ग्रंथालयाकडून त्याला खुर्ची, पंखा आणि शांतता एवढेच हवे असते.

या दृश्याची चेष्टा करणे सोपे आहे, आणि मराठीच्या प्राध्यापकवर्गात ती होतेही. परंतु गरीब घरातील मुलाला शांत जागा मिळणे हीच मुळात मोठी ग्रंथालयसेवा आहे. प्रश्न उरतो तो असा की, या दोन हजार तासांच्या बैठकीत त्याला ग्रंथालयातील एक तरी पुस्तक भेटते का? नरहर कुरुंदकर यांचे उदाहरण नांदेडमध्ये वारंवार दिले जाते आणि ते येथे टाळता येत नाही. १९३२ साली कुरुंदा येथे जन्मलेले कुरुंदकर हैदराबादेत मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे शिकले. इंटरच्या परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झाले. आणि त्याच काळात त्यांनी अफाट वाचले. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजमध्ये ते अध्यापक आणि प्राचार्य झाले. मनुस्मृतीपासून भरताच्या नाट्यशास्त्रापर्यंत त्यांचा जो संचार दिसतो तो कोणत्याही अभ्यासक्रमाने घडवलेला नाही. परीक्षेत नापास होणारा पण ग्रंथात रमणारा असा विद्यार्थी आजच्या अभ्यासिकेत एखादा तरी असेलच. त्याच्या शेजारचे कपाट मात्र कुलूपबंद असते, कारण अभ्यासिकेच्या वेळेत देवघेवीचा सेवक नसतो. कपाट उघडे ठेवण्याला पैसा लागत नाही. मुक्तप्रवेशाची ही कल्पना डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांइतकी जुनी आहे.

डिजिटल साक्षरता : कळ दाबणे आणि वाचणे

'डिजिटल साक्षरता' या संज्ञेतील दुसऱ्या शब्दाचा विचार फारसा झालेला नाही. (पहिल्यासाठी 'अंकीय' हा पर्याय आहे; पण तो शासकीय पत्रव्यवहाराच्या बाहेर पडला नाही आणि बहुधा पडणारही नाही.) प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाला २०१७ च्या फेब्रुवारीत मंजुरी मिळाली. प्रत्येक ग्रामीण कुटुंबातील एका व्यक्तीला, याप्रमाणे सहा कोटी व्यक्तींना, वीस तासांचे प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. ते मुख्यतः सामायिक सेवा केंद्रांमार्फत राबवले गेले आणि मार्च २०२४ अखेर संपले. महाराष्ट्रात त्याआधीपासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम होताच. या दोन्ही व्यवस्थांनी लक्षावधी लोकांना संगणक दाखवला, हे श्रेय त्यांचे आहे. पण दोन्हीत प्रमाणपत्र हा शेवट आहे. ग्रंथालयाचे सभासदत्व प्रमाणपत्राने संपत नाही, हा त्यातील मूलभूत फरक आहे. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले तेव्हाचा अनुभव अभ्यासकांना आठवत असेल : अक्षरओळख झालेले प्रौढ काही वर्षांत पुन्हा निरक्षर होत, कारण हातात वाचायला काही नसे. वीस तासांत शिकलेली डिजिटल साक्षरता त्याहूनही लवकर विरते. शिकलेला पडदाच सहा महिन्यांनी बदललेला असतो.

ही साक्षरता भाषेशी कशी जखडलेली आहे याची दोन उदाहरणे या प्रदेशातूनच घेता येतात.

पहिले शेतीचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. तलाठ्याने बांधावर येऊन करायची पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करायची आहे. लातूर हा सोयाबीनचा जिल्हा. अतिवृष्टी झाली, पीक गेले, की नोंद आहे का हा पहिला प्रश्न विचारला जातो. ही सोय मराठीत आहे, त्यामुळे भाषेचा प्रश्न मिटला असे समजले जाते. परंतु त्या मराठीत 'गट क्रमांक', 'खाते क्रमांक', 'पोटखराबा', 'निर्भेळ पीक', 'मिश्र पीक', 'जलसिंचनाचे साधन' असे शब्द आहेत. 'निर्भेळ पीक' म्हणजे त्या क्षेत्रात एकच पीक. तूर आणि सोयाबीन आंतरपीक म्हणून घेणाऱ्याने कोणता पर्याय निवडायचा? महसुली मराठी ही फारसी, संस्कृत आणि व्यवहारातील मराठी यांच्या थरांनी बनलेली स्वतंत्र बोली आहे. ज्याला ती वाचता येत नाही तो गावातल्या एखाद्या तरुणाला पाच-पन्नास रुपये देऊन नोंद करून घेतो. त्या तरुणाने जे दाबले ते खरे. साक्षर माणूस पुन्हा अंगठेबहाद्दर होतो, फक्त अंगठा आता काचेवर उमटतो. महिलांच्या योजनांच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरण्यासाठी सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त अंक मोठ्याने वाचून दाखवणे हा त्या रांगेतला सहज व्यवहार होता. तो अंक म्हणजे आपली सही आहे, हे कोणी कोणाला सांगायचे?

दुसरे उदाहरण लिपीचे आहे आणि ते मराठीच्या विभागांना थेट भिडणारे आहे. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निजामकालीन महसुली आणि शालेय अभिलेख तपासले गेले. सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवण्यात आल्या. त्या प्रश्नाच्या सामाजिक आणि राजकीय बाजूंची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. पण वाचनाच्या दृष्टीने हा प्रसंग असाधारण होता. सरकारी कोठारातला कागद घराघरांतल्या भ्रमणध्वनीवर आला, आणि तो वाचता येईना. कारण तो मोडीत किंवा उर्दूत होता. आंतरजाल होते, यंत्र होते, प्रतिमा स्पष्ट होती. नव्हती ती लिपी. आजोबांना सहज वाचता येणारा कागद नातवाला चित्रासारखा दिसत होता. मोडी जाणणाऱ्यांचा आणि जुने दफ्तरी उर्दू वाचणाऱ्यांचा शोध त्या काळात गावोगाव सुरू झाला. विद्यापीठांच्या मराठी विभागांत मोडीचा अभ्यासक्रम असतो किंवा असू शकतो. तो तालुक्याच्या ग्रंथालयात रविवारी दोन तास चालवला गेला असता तर त्याचा उपयोग कोणत्याही संगणक-प्रशिक्षणापेक्षा कमी झाला नसता. त्याला डिजिटल साक्षरता म्हणायचे की नाही, हा केवळ नामाभिधानाचा वाद आहे.

येथे संस्थानकाळातील तो वाचून दाखवणारा माणूस पुन्हा आठवतो. 'वाचून दाखवणे' आणि 'करून देणे' यांत भेद आहे. सेवा केंद्र करून देते, आणि त्याचे शुल्क घेते. वाचनालयाने वाचून दाखवायचे असते. म्हणजे पडद्यावरचे वाक्य मोठ्याने वाचायचे, त्यातील शब्दाचा अर्थ सांगायचा आणि कळ मात्र समोरच्या व्यक्तीला दाबू द्यायची. दुसऱ्या खेपेला ती स्वतः वाचते.

देवनागरी पडद्यावर

पदव्युत्तर विद्यार्थ्याची अडचण शेतकऱ्याहून वेगळी दिसते. मुळात ती एकच आहे. मराठीतील पुष्कळसे संगणकीय लेखन अनेक वर्षे अशा टंकांत झाले की ज्यांत देवनागरी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असे. तो टंक नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की रोमन चिन्हांचा बुजबुजाट दिसतो. युनिकोडने हा प्रश्न सोडवला; जुने प्रबंध, स्मरणिका आणि नियतकालिकांचे अंक मात्र त्या टंकांतच अडकून पडले आहेत. दुसरीकडे छापील ग्रंथांच्या प्रतिमा आंतरजालावर आल्या आहेत. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर वाचता येतो. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. पण प्रतिमा म्हणजे मजकूर नव्हे. तिच्यात शब्द शोधता येत नाही. आणि शोधता आला तरी एक अडचण राहते. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे. त्याआधीच्या मुद्रणात 'कांहीं', 'नाहीं', 'गांव' अशी अनुस्वारयुक्त रूपे सर्रास आहेत. 'काही' टंकून शोध घेणाऱ्याला 'कांहीं' सापडत नाही आणि यंत्र त्याला सांगते की असा शब्द या ग्रंथात नाही. यंत्राचे हे विधान खरे मानून निष्कर्ष काढणारा संशोधक पुढील काळात दिसू लागेल, किंबहुना दिसू लागला आहे. जुने शुद्धलेखन माहीत असणे हे आता शोध घेण्याचे कौशल्य झाले आहे, आणि ते संगणकाच्या वर्गात शिकवले जात नाही.

मराठवाड्याच्या वाङ्मयाची त्यातही एक वेगळी कोंडी आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त होतो. त्यामुळे आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध होणारे मराठी वाङ्मय स्वाभाविकच एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. म्हणजे मुख्यत्वे पुणे-मुंबईचे. त्या काळात मराठवाड्यात मराठी मुद्रण अत्यल्प होते. येथील आधुनिक वाङ्मयाचा बहर १९४८ नंतरचा, आणि तो अद्याप हक्काखाली आहे. कुरुंदकरांचे लेखन २०४२ अखेर मुक्त होईल. अपवाद बी. रघुनाथ यांचा. १९१३ साली जन्मलेल्या आणि निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत कविता, कथा, कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकाचे १९५३ मध्ये निधन झाले. १ जानेवारी २०१४ पासून त्यांचे समग्र लेखन समाजाच्या मालकीचे आहे. 'आडगावचे चौधरी', 'जगाला कळलं पाहिजे', 'पुन्हा नभाच्या लाल कडा' यांचे शुद्ध, शोधता येण्याजोगे युनिकोड पाठ तयार करणे हे एका विभागाच्या दोन वर्गांचे दोन वर्षांचे काम आहे. तालुक्याच्या ग्रंथालयांतून मूळ आवृत्त्या मिळवणे, पाठ ताडणे, टंकणे, आणि तो पाठ पुन्हा त्याच ग्रंथालयांना देणे : यात पाठचिकित्सा आणि संगणक या दोन्हींचे शिक्षण एका वेळी होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यानंतर पुष्कळ परिसंवाद झाले. त्यांच्या खर्चाच्या अल्पांशात हे काम होण्याजोगे आहे.

टंकलेखनाविषयी एक लहानशी नोंद आवश्यक आहे. रोमन लिपीतून उच्चारानुसारी टंकलेखन सोपे समजले जाते, आणि इंग्रजी येणाऱ्याला ते आहेही. पण बाराखडीच येणाऱ्या नवसाक्षर स्त्रीला ते दुहेरी ओझे होते. मराठी 'क' लिहिण्यासाठी तिने आधी रोमन अक्षर ओळखायचे. इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असतात. 'क'च्याच कळीवर वरचा 'ख', 'ग'च्या कळीवर 'घ'. वर्णमालेची रचना ज्याला माहीत आहे त्याला ती पुन्हा कळफलकावर भेटते. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात डिजिटल साक्षरतेचा अंतर्भाव जीवनकौशल्य म्हणून केलेला आहे. अक्षरओळख आणि कळफलक हे एकाच धड्यात शिकवता येतात, ही शक्यता तिथे तपासून पाहण्यासारखी आहे.

सभासद कोण?

ग्रंथालय सर्वांना खुले असते हे विधान नियमाने खरे आहे. व्यवहारात सभासद होण्यासाठी अनामत, पत्ता आणि बहुतेक ठिकाणी ओळखीचा माणूस लागतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाची भूमी लातूरजवळचे धनेगाव आहे. ज्या जमातीवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का होता तिच्यातील एका घरात प्रथमच शाळेची पाटी आली आणि त्यातून साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारा ग्रंथ निर्माण झाला. हा ग्रंथ आज या जिल्ह्यातील बहुतेक मोठ्या ग्रंथालयांच्या कपाटात असेल. ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला त्यांच्यापैकी किती जणांकडे सभासदपत्र आहे, हा वेगळा प्रश्न आहे. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबाला 'कायम पत्ता' हा रकाना अडतो. मुखेड-कंधारच्या तांड्यांवरील मुलाला पंधरा दिवसांत पुस्तक परत करण्याचा नियम अडतो. जिथे हे नियम अडतात तिथेच डिजिटल साक्षरतेचीही वानवा असते.

उर्दू वाचकाचा विचारही स्वतंत्रपणे व्हावयास हवा. संस्थानकाळात मराठीवर झालेल्या अन्यायाचे वर्णन करताना उर्दू ही सत्तेची भाषा म्हणून येते. तशी ती होतीही. पण नांदेड, उदगीर, औसा येथील असंख्य सामान्य कुटुंबांची ती तेव्हाही घरची भाषा होती आणि आजही आहे. त्यांना उर्दू वर्तमानपत्र आणि उर्दू कळफलक सार्वजनिक ग्रंथालयात मिळत नसेल तर मराठी भाषकांनी एकेकाळी जी तक्रार केली तीच आता त्यांच्याकडे जाते. निजामकालीन कागद वाचण्यासाठी मराठी कुटुंबांना गेल्या दोन-तीन वर्षांत याच शेजाऱ्यांची गरज पडली, ही गोष्टही विसरता येत नाही. किनवटकडे तेलुगू आणि गोंडी, देवणीकडे कन्नड, यांबाबतही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येईल.

या सर्व कामांचा भार शेवटी ज्याच्यावर पडतो तो ग्रंथपाल म्हणजे बहुधा ग्रंथपालन प्रमाणपत्र वर्ग पूर्ण केलेला, अर्धवेळ मानधनावरचा गावातलाच माणूस असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये महासाथीच्या टाळेबंदीनंतर ग्रंथालये पुन्हा उघडली, तेव्हा कित्येक महिने धूळ खात पडलेली पुस्तके झाडून, वर्तमानपत्रे पुन्हा सुरू करून, पांगलेल्या सभासदांना परत बोलावण्याचे काम याच माणसांनी केले. त्याच काळात मुलांचे वर्ग भ्रमणध्वनीवर गेले होते आणि ज्या घरात एकच भ्रमणध्वनी होता तिथली मुले मागे पडली होती. अशा मुलाला ग्रंथालयात बसवून पाठ दाखवणारा, किंवा एखाद्या आजीला निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला वाचून समजावणारा ग्रंथपाल जे करतो, त्याची नोंद कुठेही होत नाही. ग्रंथालयाची वर्गवारी ठरते ती ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद आणि उघडे राहण्याचे तास यांवरून. दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवही यांतून जे मोजले जाते त्यावरून. त्या नोंदवह्यांच्या शेजारी एक साधी शंभरपानी वही ठेवून, कोणी काय विचारले आणि त्याला काय वाचून दाखवले, एवढे दोन रकाने वर्षभर भरले गेले, तर या दोन जिल्ह्यांतील वाचनाच्या अभ्यासाला आज नसलेले साधन हाती येईल.